पांढरा फिल्टर

बीएमटी युनिटमध्ये मला अकरा वर्षं झाली. बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे मोठं ऑपरेशन असंच नातेवाइकांना वाटत असतं. ओटीत जावं लागतं ते देणाऱ्याला. घेणाऱ्याला खाटेवरच एक पिशवी लावायची असते, रक्त चढवतो तशीच, आणि आमच्याकडे ती आम्ही सिस्टरच लावतो. अशाच एका पिशवीच्या वेळी माझ्या हातून काय होता होता राहिलं, ते सांगायचंय.

पोरगी आठ वर्षांची, जालन्याकडची. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच न होण्याचा जन्मजात आजार. सहा महिन्यांची असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त, आणि त्या रक्तातून अंगात साठणारं लोह काढायला रोजची गोळी. आईवडील दोघंही मायनर, म्हणजे आजाराचे वाहक, पण स्वतः ठणठणीत. लग्नाआधी, निदान दिवस गेल्यागेल्या तरी, दोघांची एचबी-ए-टू, म्हणजे वाहक ओळखणारी हिमोग्लोबिनची तपासणी, केली असती तर कळलं असतं. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो, सिस्टर," आई म्हणायची, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नसायचं. ही एक साधी रक्ततपासणी आहे. गावोगावच्या दवाखान्यांत ती प्रत्येक जोडप्याला कुणीतरी सांगायलाच हवी.

मॅरो द्यायचा तर देणाऱ्याचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळावं लागतं. सख्ख्या भावंडाचं ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तिच्या पाच वर्षांच्या भावाचं जुळलं.

आधीचा आठवडा केमोचा. त्यातलं थायोटेपा हे औषध घामावाटे बाहेर येतं आणि कातडी जाळतं, म्हणून दिवसातून चार वेळा अंघोळ, तेल-क्रीम बंद, दर वेळी चादर आणि कपडे नवे. तिसऱ्या अंघोळीला ती कुडकुडत रडायची. "आत्ताच तर घातली ना," म्हणायची. काखेत आणि मानेच्या घडीत कातडी काळवंडली होती, तिथे टॉवेल घासायचा नाही, नुसता टेकवायचा. आठवड्याच्या शेवटी तिचा स्वतःचा मॅरो संपलेला होता. तिथून मागे फिरता येत नाही. भावाच्या पेशी रुजल्या तरच पुढचं सगळं.

डे झीरोला, म्हणजे मॅरो द्यायच्या दिवशी, सकाळी भावाला ओटीत नेलं. कमरेच्या मागच्या हाडातून सुईने ओढून 260 मिली मॅरो काढला. साडेअकराला पिशवी माझ्या हातात आली. रक्तापेक्षा गडद, आणि वर चरबीचे पिवळे थेंब, वरणावर तूप तरंगावं तसे. पिशवी कोमट होती.

आता त्या चुकीचं. या मुलांना रोज जे रक्त देतो त्याला पांढरा, चपटा ल्युकोफिल्टर लावतोच. पांढऱ्या पेशी अडवणं हे त्याचं काम. शिवाय ते रक्त इरॅडिएट करून, म्हणजे त्यावर किरणांचा मारा करून, आणायचं. मॅरोला यातलं काहीच चालत नाही. इरॅडिएशनने त्यातले स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, मरतील आणि ल्युकोफिल्टर त्यांना अडवून ठेवील. मला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरीही त्या दिवशी माझ्या हाताने ड्रॉवरमधून रोजचाच सेट काढला, सलाइन भरून घेतलं आणि स्टँडला लावला. आदल्या रात्री त्याच खोलीत प्लेटलेट लावताना मी हेच केलं होतं.

पिशवी टोचण्याआधी दोघींनी मिळून वाचायचं असतं. नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीवरची वेळ. माझ्याबरोबर आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेली सिस्टर होती. ती वाचता वाचता थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, हा पांढरा फिल्टर…"

माझ्या पायांतलं बळच गेलं. आई एक हात पोरीच्या कपाळावर ठेवून बसली होती, तिला काही कळलं नव्हतं. मी सेट उतरवला. नवा साधा ब्लड सेट घेतला, पुन्हा सलाइन भरलं, आणि पहिल्या ओळीपासून दोघींनी परत वाचलं. मग हिकमन लाइनला, म्हणजे छातीतून मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला, जोडून थेंब सुरू केले. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन. मधल्या वेळात वडिलांनी विचारलं, "आपल्याकडे हे कधीपासून करतात?" म्हटलं, 1983 पासून. मुंबईत, टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी पहिलं केलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा थेंबांकडे बघत बसले. पिशवी रिकामी झाल्यावर तिच्यात सलाइन घालून विसळलं आणि तेही दिलं, कडेला चिकटलेलंसुद्धा वाया जाऊ नये म्हणून.

मी त्याच दुपारी आमच्या डॉक्टर सरांना सांगितलं आणि घडलेलं लिहून दिलं. त्या सिस्टरचं नाव त्यात वर लिहिलं. संध्याकाळी सरांनी आईवडिलांनाही बसवून सांगितलं, मी शेजारी उभी होते. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या लहान सिस्टर कुठं आहेत?" तेव्हापासून डे झीरोच्या सकाळी त्या खोलीच्या ड्रॉवरमधून पांढरे फिल्टर आधी बाहेर काढतो, आणि चेकलिस्टमध्ये 'ल्युकोफिल्टर नाही' ही ओळ तिच्या अक्षरात आहे.

पुढचे दोन आठवडे पांढऱ्या पेशींचा काउंट शंभराच्या वर जाईना. तोंडभर फोड, थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. एकदा ताप 103 वर गेला. मी सुट्टीच्या दिवशीही फोन करून काउंट विचारायचे. हे नेहमीचंच आहे, एवढे दिवस लागतातच, हे ठाऊक असूनही रात्री डोळ्यांसमोर तो स्टँड यायचा.

पंधराव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 540. सोळाव्या दिवशी 610. सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात. सतराव्या दिवशी लॅबचा फोन आला तेव्हा ती सिस्टर औषधं भरत होती. मी रिसीव्हर तसाच कानाला धरून तिला मार्कर दिला. तिने काचेवरच्या बोर्डावर 980 लिहिलं. आईने आतून आकडा वाचला, पोरीला उठवून बसवलं आणि बोट करून दाखवला.