आई-भाऊ भारतात, आणि अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स: माझा अनुभव

अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली, सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, मिळण्याच्या अटीवर. त्यासाठी आपलं आपण अर्ज करता येत नाही; कंपनी नाव पुढे करते आणि तपासाचा खर्चही आपल्यावर पडत नाही. ओळखीच्या मंडळींनी मात्र निकाल आधीच देऊन टाकला होता. "आई तिकडे, भाऊ तिकडे, गावी जमीन. सोड नाद." असं ऐकून कितीतरी जण माघार घेतात, म्हणून हे लिहितोय.

खरी कसोटी एसएफ-८६ या, क्लिअरन्ससाठी भरायच्या सरकारी फॉर्मची. आई, भाऊ, सासू-सासरे, प्रत्येकाचा जन्म, नागरिकत्व, पत्ता, नोकरी. शिवाय बोलणं किती वेळा होतं, फोनवर की प्रत्यक्ष, शेवटचं कधी. आईशी मी रोज बोलतो, तसंच लिहिलं. मामा आणि चुलतभाऊ नातेवाइकांच्या रकान्यात येत नाहीत, पण गेल्या ७ वर्षांत जिव्हाळ्याचा किंवा सततचा संबंध असेल तर परदेशी व्यक्तींच्या रकान्यात येतात. कोणता मित्र जिव्हाळ्याचा आणि कोणता फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवरचा, हे ठरवताना मला फार जड गेलं.

धाकटा भाऊ जलसंपदा खात्यात अभियंता आहे. आपल्या दृष्टीने ती साधी सरकारी नोकरी. फॉर्मच्या दृष्टीने तो परदेशी सरकारचा कर्मचारी. एकाने सुचवलं, नुसतं 'इंजिनियर' लिही. मी खातं, हुद्दा, सगळं लिहिलं. या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं किंवा माहिती दडवणं हा गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि भाऊ सरकारी नोकरीत असणं समजावून सांगता येतं. तो लपवला होता हे काही केल्या समजावता येत नाही.

मग जमीन. वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं आहेत. रेडीरेकनरच्या दराने किंमत काढून डॉलरमध्ये लिहिली. एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं) आणि जुनी विम्याची पॉलिसीही दाखवली. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड, हे दुहेरी नागरिकत्व नव्हे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. तरी कार्डाचाही उल्लेख केला आणि जुना पासपोर्ट जमा केल्याचा दाखला हाताशी ठेवला.

मुलाखत घ्यायला आलेल्या तपास अधिकारी बाई शांतपणे विचारत गेल्या. घरी पैसे पाठवता का? भावाला तुमचं काम माहीत आहे का? त्याच्यावर कोणी दबाव आणून तुमच्याकडे माहिती मागितली तर? मी म्हणालो, त्याच दिवशी कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला कळवीन. हे मी मनापासून म्हणालो. माझी बायको, मुलं, घर, निवृत्तीची पुंजी सगळं इथे आहे. गावचं शेत त्यापुढे लहान आहे.

नेमकं हेच तोललं जातं. क्लिअरन्ससाठी २०१७ पासून लागू असलेल्या १३ कसोट्यांपैकी 'परकीय प्रभाव' ही एक. परदेशात नातलग असणं हा तिथे आपोआप नकार नाही. तो देश कोणता, नातलग काय करतात, त्यांच्या आडून तुमच्यावर दडपण आणता येईल का, आणि अमेरिकेत तुमची मुळं किती खोल आहेत, हे एकत्र पाहतात. शंका उरली तर ती देशाच्या बाजूने सुटते, अर्जदाराच्या नाही. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच सांगितलंय. मला तो नियम रास्त वाटतो.

नकार द्यायचा असेल तर आधी लेखी कारणं येतात, उत्तर देता येतं, सुनावणीही मागता येते. माझ्यावर ती वेळ आली नाही. बरेच महिने गेले आणि मंजुरी आली.

पण क्लिअरन्स मिळाल्यावरही कळवणं चालूच राहतं. खाजगी परदेश प्रवास आधी सांगावा लागतो, नवे जवळचे परदेशी संबंधही. भावाची मंत्रालयात बदली झाली तेव्हा मी स्वतःहून सिक्युरिटी ऑफिसरकडे गेलो. त्यांनी चार प्रश्न विचारून नोंद करून घेतली.