संलग्नतेचा रकाना

कोथरूडमधल्या ११ सोसायट्यांच्या बोअरची पाणीपातळी मी दोन वर्षं दर रविवारी मोजली. पुण्याखाली बेसाल्ट आहे. पाणी साठतं ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बोअरचंही एकमेकांशी जमत नाही. पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा, खड्डा नेमका कुठे कामी येतो, हे मला बघायचं होतं. पेपर लिहून झाला आणि जर्नलच्या फॉर्ममधल्या 'संलग्नता' या रकान्यापाशी अडलो.

'स्वतंत्र संशोधक, पुणे' असं लिहिलं. खोटं नव्हतंच ते. पण मी ज्या कंपनीत नोकरी करतो ती गच्चीवरचं पाणी बोअरमध्ये सोडायचे फिल्टर विकते, आणि माझा निष्कर्ष पुनर्भरणाच्या बाजूचा होता. मसुदा वाचून आमच्या निवृत्त प्राध्यापिका मॅडम एवढंच म्हणाल्या, "वाचणाऱ्याला तुझा पगार कुठून येतो ते कळतंय का रे?"

तेव्हा कुठे दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. काम कुणाच्या छत्राखाली झालं, ती संलग्नता. तिथे कंपनीचं नाव टाकणं म्हणजे तिने न दिलेला शिक्का वापरणं. निष्कर्षातून कुणाचं भलं होऊ शकतं, तो हितसंबंध. तिथे नोकरी लपवणं हीच फसवणूक. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीचा, म्हणजे आयसीएमजेईचा, फॉर्म गेल्या ३६ महिन्यांतले संबंध विचारतो. माझा विषय वैद्यकीय नव्हता, तरी तोच समोर ठेवला. भरताना आठवलं, की पातळी मोजायची टेप सुरुवातीचे चार महिने मी ऑफिसातून आणत होतो. मसुद्यात मात्र 'संपूर्ण काम स्वखर्चाने' असं ठासून लिहिलं होतं! ते वाक्य खोडलं, टेपचा उल्लेख केला.

ऑफिसात सांगणं जास्त जड गेलं. साहेबांना वाटलं, कंपनीनेच लिहून घेतलंय असा समज होईल. मी म्हटलं, "सर, न सांगता उद्या बाहेर आलं तर तोच समज पक्का होईल." तीन आठवड्यांनी 'मतं लेखकाची, कंपनीची नव्हेत' या ओळीसह परवानगी मिळाली.

जर्नलतर्फे पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने हितसंबंधाचा परिच्छेद वाचूनच विचारलं, यातल्या किती सोसायट्यांत तुमच्या कंपनीचे फिल्टर आहेत? दोन होते. त्या वगळून आलेख पुन्हा काढले. पातळीतली वाढ कमी झाली, पण टिकली. पेपरमध्ये दोन्ही आलेख शेजारी शेजारी छापले आहेत.