तुम्ही विचारलंत म्हणून: तीनच घराणी का?

एमएस्सीची मुलं हमखास विचारतात, आता इथेही विचारलंत, की वेट (इंटिग्रलमध्ये गुणायचं फंक्शन) कुठलाही घ्या, ग्राम-श्मिट (१, एक्स, एक्स-वर्ग... यांना एकेक करून ऑर्थोगोनल करायची रीत) लावलं की ऑर्थोगोनल पॉलिनॉमियल (कुठल्याही दोघांचा गुणाकार वेटसकट इंटिग्रेट केला की शून्य) निघतात, मग शिकवताना याकोबी, लागेर, हर्मिट एवढीच घराणी का? (लिजेंड्र आणि चेबिशेव्ह हे याकोबीच्याच घरचे.)

"फिजिक्सवाल्यांना लागतात" हे उत्तर खोटं नाही, पण मला ते कधीच पटलं नाही. त्यापेक्षा डेरिव्हेटिव्ह काढून बघा. लिजेंड्रचं (वेट १, वजा १ ते १) तिसरं घ्या, ५ एक्स-घन वजा ३ एक्स, भागिले २. डेरिव्हेटिव्ह आलं १५ एक्स-वर्ग वजा ३, भागिले २, आणि त्याचं वजा १ ते १ इंटिग्रल २ येतं, म्हणजे नुसत्या १ शी गुणूनही शून्य नाही, जुन्या वेटला ऑर्थोगोनॅलिटी गेली. आता त्यालाच १ वजा एक्स-वर्गनं गुणून इंटिग्रेट करा. शून्य! कारण बाय पार्ट्स केलं की हा फॅक्टर दोन्ही टोकांना शून्य असल्यामुळे बाउंड्री टर्म उडते, आणि कंसात उरतं ते लहान डिग्रीचंच पॉलिनॉमियल, जे मोठ्याला आधीच ऑर्थोगोनल असतं. लागेरमध्ये असंच होतं, फक्त वेटमधला एक्सचा घात, अल्फा, १ ने वाढतो, आणि हर्मिटमध्ये तर वेटसुद्धा बदलत नाही.

खरी गंमत उलट दिशेला आहे. डेरिव्हेटिव्हही (कुठल्या का वेटला होईना) ऑर्थोगोनल राहणार असतील, आणि वेट पॉझिटिव्ह हवा असेल, तर एक्स सरकवणं-ताणणं सोडून ही तीनच घराणी उरतात. हे सोनिन (१८८७) आणि हान (१९३५) यांचं काम. पॉझिटिव्हचा हट्ट सोडलात तर बेसेल पॉलिनॉमियलही आत येतात, क्रॉल आणि फ्रिंक यांनी १९४९ मध्ये नीट मांडली ती.

चौथं घराणं स्वतः शोधायचं असेल तर वेट घ्या ई चा वजा एक्स-चतुर्थ घात. चौथ्या डिग्रीपर्यंतच्या पॉलिनॉमियलचे डेरिव्हेटिव्ह तीन-पदी रिकरन्समध्ये (प्रत्येक पॉलिनॉमियल मागच्या दोघांवरून देणारं सूत्र, ऑर्थोगोनल असतील तर ते पाळावंच लागतं) अगदी गुमान बसतात, वाटतं जमलं की, पण पाचव्याला एकाच कोइफिशंटसाठी दोन समीकरणं येतात, एक म्हणतं ०.४७१ आणि दुसरं ०.४८५. कॅल्क्युलेटरला दोष देऊ नका, ते जुळतच नाहीत.