गाड्यांचं आमचं ऑनलाइन मासिक

पुढच्या सोमवारपासून आमचं ऑनलाइन मासिक सुरू होतंय. विषय गाड्या, पण 'मायलेज किती देते' हा नव्हे. ते सांगणारे तज्ज्ञ यूट्यूबवर गल्लोगल्ली आहेत.

मी भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, नोकरी केली. चाकणच्या मोठ्या कार कारखान्याने उत्पादन कमी केलं, की आमच्याकडे आधी ओव्हरटाइम बंद, मग कंत्राटी पोरं घरी. पेपरात मात्र त्याच महिन्यात 'विक्रमी विक्री'! कारण दर महिन्याच्या सुरुवातीला कंपन्या जे आकडे देतात, ते बहुतेक डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. गिऱ्हाइकाने खरंच किती नेल्या, हे आरटीओच्या नोंदणीवरून कळतं. आम्ही दोन्ही आकडे शेजारी शेजारी देणार. तफावत वाढत गेली, की समजा, डीलरच्या यार्डात गाड्या ऊन खात उभ्या आहेत.

पहिला मोठा लेख तळेगावचा. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही थांबलं, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. मधल्या काळात तिथल्या कामगारांनी घर कसं चालवलं, सुटे भाग पुरवणाऱ्यांनी मशिनं विकली की ठेवली, हे विचारत आम्ही तिघं फिरतोय.

कार कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, एवढं ठरलंय. बायको म्हणाली, "मग चहाचे पैसे कोण देणार?" तूर्त माझा पीएफ. वर्गणीचं दिवाळीनंतर बघू.