कार्तिकात पन्हाळा ते पावनखिंड: माझा अनुभव

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट बहुतेक लोक आषाढात चालतात. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून सहाशे मावळ्यांसह विशाळगडाकडे निघाले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी जुलैत हजारो पोरं चिखल तुडवत जातात. ती मोहीम मीही केली आहे. पण त्या गर्दीत वाट शोधावी लागत नाही. पुढच्याच्या पाठीवरची सॅक बघत चालायचं, आणि धुक्यात सॅकच्या पलीकडचं काही दिसतही नाही. दऱ्या कुठल्या, वाड्या कुठल्या, काही कळत नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर, भातकापणीच्या दिवसांत, दोघांनीच जायचं असं मी आणि माझ्या मित्रानं ठरवलं.

मित्र कागलकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, आता पुण्यात नोकरीला. दिसेल त्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय तो पुढं सरकत नाही. मला किलोमीटर मोजायची सवय, त्याला पिकं.

तयारी फार नव्हती. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरले, कारण कार्तिकात सहाच्या सुमाराला दिवस बुडतो आणि निम्मी वाट झाडीतून आहे. चांदण्याचा आधार असलेला बरा. करपेवाडीत मित्राच्या ओळखीतल्या एकांना फोन करून ठेवला होता. या पट्ट्यात लॉज नाहीत. कुणाच्या घरी, नाहीतर देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायची, तीही आधी विचारून. जुलैत वाड्यावाड्यांत जेवणाची सोय असते, एरवी नसते. सुगीत घरं दिवसभर कुलूपबंद असतात, म्हणून भाकरी बांधून घेतलेली बरी.

कोल्हापूरहून सकाळच्या एस. टी. नं पन्हाळ्यावर पोचलो. गड फिरून झालेला होता, त्यामुळे थेट राजदिंडीच्या वाटेनं खाली उतरायला लागलो. उतरताना मी सांगत होतो की अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा आणि पन्हाळा हाती आला २८ नोव्हेंबरला, म्हणजे अठरा दिवसांत फौज इथवर आली, तीही साधारण याच दिवसांत. मित्र म्हणाला, "मग बरोबर आहे की भावा. भातं निघालेली असणार. घोडी मोकळ्या रानातनं गेली असतील." कुठल्या बखरीत हे कारण नसेल, पण मला ते पटलं.

तुरुकवाडी, म्हाळुंगे मागं टाकून मसाईच्या पठारावर चढलो. आषाढात इथं हाताचं बोट दिसत नाही. आता मात्र जांभ्याचा सडा दूरवर उघडा पडला होता, गवत पिवळं झालेलं, मधेमधे सोनकीची उरलीसुरली फुलं, आणि मागं वळलं की पन्हाळ्याची तटबंदी स्पष्ट. पांडवदऱ्याची लेणी वाटेपासून बाजूला राहतात. आम्ही ती सोडून दिली, कारण ऊन चढत होतं आणि पठारावर सावली अशी नाहीच. मसाई देवीच्या देवळात पाठ टेकली, दही-भाकरी खाल्ली आणि मोज्यांतली कुसळं काढत बसलो. पावसात जळवा नि कार्तिकात कुसळं, या वाटेनं काहीतरी पायाला लावून घ्यावंच लागतं. साध्या कापडी मोज्यांत ती इतकी रुततात की शेवटी मोजे टाकून द्यावे लागले. घोट्यापर्यंतचे बूट आणि लांब पँट, याला पर्याय नाही.

पठार संपून कुंभारवाडीकडं उतरलो आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला. वाडीतून पुढं रस्ता आहे, त्यावर मोटारसायकली आहेत, आणि फोनमधला नकाशाही तोच रस्ता दाखवतो. आम्हाला हवी होती ती जुनी पायवाट, ओढ्यात उतरून पलीकडच्या वाडीला चढणारी. जुलैत हजारो पायांनी ती मळलेली असते, पण त्यानंतर तीन-चार महिने कुणी फिरकत नाही आणि गवत छातीपर्यंत येतं. अधूनमधून दगडावर खूण दिसते, पण खुणेपर्यंत पोचायला आधी वाट सापडायला हवी ना!

मोटारसायकलवरच्या एका पोराला विचारलं, तर त्यानं गाडी बंदही न करता सांगितलं, "सडकेनं जावा की सरळ. त्या रानात कशाला शिरताय?" त्याचं चूक नव्हतं. त्याला त्या वाटेचं कामच पडत नाही. थोडं पुढं गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या एक आज्जी भेटल्या. मित्रानं भारा उतरवायला हात दिला, मग पाऊस कसा झाला, म्हैस किती दूध देती, इथपासून चौकशी झाली. मी घड्याळ बघत होतो. शेवटी आज्जींनी विळ्याच्या टोकानं दाखवलं. "त्ये जांभळीचं दांडगं झाड दिसतंय का, तितनं खाली उतरायचं. वड्याला पाणी हाय, पण खडकावरनं जाता येतंय. पल्याड कुंपाण लागंल, ते डाव्या अंगाला टाकून चढा. सरळ गेलासा तर म्हसरांच्या वाटंला लागशीला." नकाशात यातलं एकही अक्षर नव्हतं आणि सगळं जसंच्या तसं निघालं.

तिथून पुढं आमचा नेमच ठरला. विचारायचं ते गुराख्याला, गवताला आलेल्या बाईला, नाहीतर म्हाताऱ्याला. ज्यांचे पाय अजून त्या वाटेवर पडतात त्यांनाच ती ठाऊक आहे. एक मात्र ध्यानात ठेवावं की दिशा ते अचूक सांगतात, अंतर नाही. "ह्ये काय, पल्याडच" याचा अर्थ दहा मिनिटंही होतो आणि एक दरी, एक ओढा आणि एक खडी चढणही होतो. मला सुरुवातीला याचा राग यायचा. मग मी अंतर विचारणंच सोडून दिलं आणि "दिवस बुडायच्या आत पोचतोय का?" असं विचारायला लागलो. त्याचं उत्तर नेहमी खरं मिळालं.

खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडीत पोचलो तेव्हा खळ्यावर भात झोडपायचं काम आटपत आलं होतं. ज्यांच्याकडं उतरायचं होतं त्या मामांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. मित्रानं सॅक टाकली आणि पेंढ्या उचलायला लागला. मीही चार पेंढ्या झोडल्या, पण माझ्या पेंढीत दाणे तसेच राहतात म्हणून मामींनी त्या परत झोडल्या. जेवायला नाचणीची भाकरी, वरण्याची आमटी आणि खर्डा. खर्डा मी बेतानं घेतला तरी डोळ्यांत पाणी आलं.

जेवण झालं आणि मामा घोंगडं घेऊन निघाले. "तुमी झोपा. मला माळ्यावर जायाचं हाय." डोंगराच्या अंगाची नाचणी अजून उभी होती आणि रात्री गवे उतरतात. मित्र लगेच उठला, म्हणून मीही उठलो.

माळा म्हणजे चार खांबांवर फळ्या आणि वर गवताचं छप्पर. खाली शेकोटी. दोरीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला, दोरी ओढली की आत टांगलेला दगड आपटून खणखणाट होतो. पलीकडच्या उतारावर दुसऱ्याचा माळा, त्याच्यापुढं तिसऱ्याचा. एकानं डबा वाजवला की थोड्या वेळानं दुसरा वाजवायचा, मग हाका व्हायच्या. "आलं काय रं?" "न्हाई, वाऱ्यानं हाललं!" मामा म्हणाले, कळप रानात आला की एका रात्रीत वर्षाचं खाणं जातं. पंचनामा होतो, भरपाईचे कागद होतात, पण तोंडात घास देणारं पीक गेलेलं असतं. मी विचारलं, "मामा, रोज रात्री जागायचं आणि दिवसा कापणी, झोप कधी?" "पीक घरात आल्यावर," एवढंच म्हणाले आणि दोरी ओढली. गवे त्या रात्री काही आले नाहीत. माझ्या मनात थोडी निराशा झाली, पण ती मामांसमोर बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

पुढचा टप्पा आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी असा. सकाळी दव इतकं की गुडघ्यापर्यंत भिजलो. इथली झाडी दाट आहे, ओढे बारीक पण वाहते होते, त्यामुळे पाण्याचा प्रश्न आला नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र त्यांचा भरवसा धरू नये. म्हसवड्याच्या पुढं पाय बोलायला लागले. सहाशे माणसांनी पालखी घेऊन, भर पावसात, रात्री हे अंतर तोडलं. आम्ही उजेडात, कोरड्या जमिनीवर, पोटभर जेवून चाललो होतो तरी एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं.

पांढरेपाणीहून पावनखिंडीत उतरलो. पूर्वीची ही घोडखिंड. जुलैत इथं लोखंडी शिडीवर रांग असते आणि पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आता डबक्यांतून पाणी झिरपत होतं, ही कासारी नदीची सुरुवात. दोन्ही बाजूंचे कडे तळापर्यंत दिसत होते. बाजीप्रभूंनी आणि बांदलांच्या मावळ्यांनी हीच जागा का निवडली ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट समजलं. वरून येणाऱ्याला पसरायला जागाच नाही.

वर सडकेला येऊन वडापाची, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपची, वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं एक जीप आली, टपावर भाताची पोती आणि आत आधीच दाटी. ड्रायव्हरनं आमच्या पायांकडं बघून विचारलं, "पन्हाळ्यावरनं चालत आलासा? आता? मोहीम तर पावसात असती." मित्र पोत्याला टेकून त्याला उलट विचारायला लागला की हे भात कुणाचं, आणि यंदा एकरी किती उतरलं. मलकापूर येईपर्यंत जीपमधल्या निम्म्या लोकांचं पीक त्याला पाठ झालं होतं. तिथं आम्ही मिसळ खाल्ली आणि कोल्हापूरची गाडी पकडली.