बेलग्रेडच्या किल्ल्याच्या चाव्या, आणि त्याआधीची पाच वर्षं

१८ एप्रिल १८६७ ला सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये, किल्ल्याभोवतीच्या कालेमेग्दान मैदानावर तुर्की (ऑटोमन) सुलतानाचं फर्मान वाचलं गेलं, तुर्की किल्लेदार अली रिझा पाशाने चाव्या सर्बियाचा राजा प्रिन्स मिहाइलो ओब्रेनोविचच्या हवाली केल्या आणि पुढच्या काही दिवसांत तुर्की फौज निघून गेली. लढाई नाही, गोळीबार नाही. फक्त एक अट होती, किल्ल्यावर सर्बियन झेंड्यासोबत सुलतानाचाही झेंडा राहील. पूर्ण स्वातंत्र्य तर १८७८ ला मिळालं.

पण मला हा सोहळा नाही, त्याच्या आधीचं १८६२ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हा सर्बियाला तुर्की साम्राज्यात राहून स्वायत्तता मिळून तीस वर्षं झालेली, राजा आपला, पोलीस आपले, पण साव्हा-डॅन्यूबच्या संगमावरच्या किल्ल्यात तुर्की पलटण आणि तिच्या तोफा थेट शहराच्या डोक्यावर. रोज अशा शहरात राहायचं म्हणजे काय असेल! १५ जूनला चुकुर चेस्मा या पाणवठ्यावर पाणी आधी कोण भरणार यावरून तुर्की शिपाई आणि एका सर्बियन पोरात भांडण झालं, पोराला मारहाण झाली, सिमा नेशिच हा पोलिसांचा दुभाषी त्या शिपायांना पकडून नेत असताना तुर्की चौकीतून गोळ्या सुटल्या आणि तो मेला, मग शहरभर चकमकी. दोन दिवसांनी तेव्हाच्या तुर्की किल्लेदाराने किल्ल्यावरून भर वस्तीवर तोफा डागल्या. सामान्य माणसांच्या घरांवर.

नंतर इस्तंबूलजवळ कान्लिजाला बड्या सत्तांची परिषद झाली आणि ठरलं की किल्ल्याबाहेर राहणाऱ्या मुस्लिमांनी शहर सोडायचं. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण तोफा डागणारे किल्ल्यातच राहिले, आणि दोर्चोल भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कारागीर, दुकानदार, त्यांची बायकापोरं गेली, अनेक जण बोस्नियात. एकेकाळी डझनांनी मशिदी असलेल्या शहरात त्या काळातली आज एकच वापरात आहे, बायराकली. सर्बियन लोकांच्या आनंदात मला काही खोटं दिसत नाही, तोफेखाली राहणं कुणालाच नको असतं. पण या कुटुंबांचा हिशोब कुणी मांडायचा?

१८६७ ला तुर्क नमले त्याचं कारणही बाहेरचं होतं. क्रीटमध्ये बंड पेटलेलं, ऑस्ट्रिया १८६६ ला प्रशियाकडून हरलेला, त्यामुळे सर्बियाचा पंतप्रधान गराशानिनच्या मुत्सद्देगिरीला वाव मिळाला. मिहाइलोने संधी ओळखली हे मात्र त्याचंच श्रेय, आणि पुढच्याच वर्षी, जून १८६८ ला, कोशुत्न्याकच्या जंगलात त्याचा खून झाला.

त्याचा घोड्यावरचा पुतळा रिपब्लिक स्क्वेअरमध्ये आहे, सगळे तिथे फोटो काढतात. मी म्हणेन की आधी दोर्चोलला चुकुर चेस्मावर जा, फुटलेली घागर धरलेल्या पोराचा पुतळा आहे तिथे.