कपटा, फोम आणि पत्रा: अमेरिकेचं 2000 ते 2009

त्या दशकातली अमेरिका आठवायची म्हटलं की आधी जळते मनोरे दिसतात, मग इराक, मग ओबामांचा विजय. पण एकेका घटनेचा चौकशी अहवाल उघडला की दोष भलत्याच किरकोळ जागी सापडतो. मला बातमीपेक्षा ती जागा जास्त रोचक वाटते.

सुरुवात फ्लोरिडापासून. 7 नोव्हेंबर 2000, अध्यक्षपदाची निवडणूक, बुश विरुद्ध गोर. तिथल्या बऱ्याच काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या) मतपत्रिका म्हणजे जाड कागदाचं कार्ड होतं. कार्ड यंत्राच्या खोबणीत सरकवायचं, वरच्या दोन खुंट्यांत अडकवायचं आणि नावासमोरच्या भोकातून टोच्या दाबायचा. आधीच कडेने अर्धवट कापलेला चौकोनी कपटा सुटून खाली पडला की मत झालं. या कपट्याला म्हणतात चॅड.

तो पडलाच नाही तर? एका कोपऱ्यावर लोंबकळला तर हँगिंग, दोन कोपऱ्यांवर झुलला तर स्विंगिंग, तीन कोपऱ्यांवर टिकला तर ट्राय, आणि चारही कोपरे शाबूत राहून नुसता फुगवटा आला तर डिंपल्ड किंवा चक्क प्रेग्नंट. कार्ड खुंट्यांत नीट बसलं नाही किंवा टोच्या अर्धवट दाबला गेला की असं होतं. मोजणीचं यंत्र भोकातून आरपार जाणारा प्रकाश बघतं. लोंबकळता कपटा उलटून परत भोकावर बसला की मत गायब, आणि पुढच्या फेरीत गळून पडला की मत हजर. म्हणून तीच कार्डं पुन्हा यंत्रातून काढली तरी आकडा बदलायचा. हातमोजणीत फुगवटा धरायचा की नाही, याचा नियम काउंटीगणिक वेगळा. 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली आणि सुमारे 60 लाख मतांत बुश 537 मतांनी पुढे राहिले.

पाम बीच काउंटीत तर मांडणीनेच घात केला. वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं, त्यामुळे अध्यक्षपदाचे उमेदवार समोरासमोरच्या दोन पानांवर गेले आणि भोकांची एकच रांग मधोमध आली. डाव्या पानावर गोर दुसरे, पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या बुकॅनन यांचं. गोर यांचं तिसरं. बुकॅनन यांना तिथे 3,407 मतं पडली, आणि दोन भोकं पाडल्यामुळे 19 हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या. हेतू चांगला होता, हेच यातलं दुखणं. (चारच वर्षांनी आपल्याकडे लोकसभेची अख्खी निवडणूक ईव्हीएमवर झाली.)

11 सप्टेंबर 2001 बद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकच गोष्ट सांगतो: चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू विमानात नेणं त्या दिवसापर्यंत नियमात बसत होतं.

कोलंबिया यान आपल्याला आठवतं ते कल्पना चावलांमुळे. 16 जानेवारी 2003 ला उड्डाण झालं. साधारण 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या फोमने काय होणार, असं व्यवस्थापकांना वाटलं, आणि तिथेच चूक झाली. हलका तुकडा सुटला की हवा त्याला क्षणात मागे ओढते. यान मात्र त्याच वेगात पुढे येत असतं. म्हणजे यानच फोमवर जाऊन आदळलं, ताशी 800 किलोमीटरहून जास्त वेगाने. पंखाचे फोटो उपग्रहांकडून काढून घ्या, ही अभियंत्यांची मागणी वरपर्यंत टिकली नाही. 1 फेब्रुवारीला परतताना त्या भगदाडातून तप्त वायू पंखात शिरले आणि सातही जण गेले. त्या जुलैत पंखाच्या तशाच भागावर फोम झाडून पाहिला, तर सुमारे 16 इंचांचं भोक पडलं.

29 ऑगस्ट 2005, न्यू ऑर्लिन्स. कटरिना वादळाने शहर बुडवलं असं आपण म्हणतो, पण पाणी मुरत होतं दुसरीकडे. पावसाचं पाणी पंपाने सरोवरात सोडणारे कालवे शहराच्या पोटातून जातात, आणि सरोवराच्या तोंडाशी त्यांना दरवाजेच नव्हते. वादळाने सरोवर फुगलं, तसे कालवेही फुगले. 17व्या रस्त्याच्या कालव्याची काँक्रीट भिंत मातीच्या बांधात ठोकलेल्या पोलादी पत्र्यांवर उभी होती. पत्रे समुद्रसपाटीखाली सुमारे 17 फूट गेलेले. पाणी भिंतीच्या माथ्यावरून गेलंच नाही. त्याआधीच दाबाने भिंत जराशी कलली, भिंत आणि माती यांच्यात फट पडली, फटीत पाणी उतरलं, आणि खालच्या मऊ चिकणमातीवरून अख्खा बांध भिंतीसकट सरकला. शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. बांध ज्यांनी बांधले त्या लष्करी अभियंत्यांनी पुढच्या वर्षी रचनेतला दोष मान्य केला.

1 ऑगस्ट 2007 ला मिनियापोलिसचा पूल मिसिसिपीत कोसळला, 13 जण गेले. सांधे जोडणाऱ्या काही पोलादी पट्ट्या अर्धा इंच जाडीच्या होत्या, हव्या होत्या साधारण दुप्पट. ही चूक 1960 च्या दशकातल्या मूळ आकडेमोडीतली. त्या दिवशी डागडुजीसाठी वाळू, खडी आणि यंत्रं नेमक्या त्याच भागावर रचली होती.

आणि मग कर्जं. सबप्राइममध्ये, म्हणजे फेडण्याची खात्री कमी असलेल्यांना दिलेल्या घरकर्जांत, 2/28 नावाचा प्रकार चालायचा: दोन वर्षं ठरलेला दर, उरलेली 28 वर्षं बाजाराप्रमाणे. हिशेब करून बघा. 2 लाख डॉलर, 30 वर्षं, 8 टक्के, तर महिन्याचा हप्ता सुमारे 1,468 डॉलर. दोन वर्षांनी दर 11 टक्के झाला की तोच हप्ता 1,890 च्या घरात. घराचे भाव चढते असेपर्यंत नवं कर्ज काढून जुनं फेडता यायचं. भाव उतरले की नवं कर्ज मिळेना, आणि मुदतीआधी फेडायचं तर बऱ्याच करारांत दंड होता. 15 सप्टेंबर 2008 ला अशा कर्जांत अडकलेल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. दंडाचं कलम कागदांत पहिल्या दिवसापासून होतं, घर घेणाऱ्याच्या सहीच्या वर.